आतला दोष

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मला घरपोच मिळाली. आणून देणाऱ्याने पान उघडूनच हातात ठेवली. "काका, फोटो बघा तुमचा. कसला भारी आलाय." फोटोत माझ्या गळ्यात हार आहे, डोक्यावर फेटा आहे, आणि आयुष्यात कुणाचं काही वाईट केलं नसल्यासारखा चेहरा आहे. खाली छापलंय, 'गावात इंटरनेट आणणारा माणूस'. त्याखाली चार ओळी: गावातलं पहिलं इंटरनेट साखर कारखान्याच्या संचालकांच्या बंगल्यावर सुरू झालं आणि ते जोडणारे हात माझे.

हे खोटं आहे. पहिलं इंटरनेट बंगल्यावर नव्हतं. ते रस्त्यापलीकडे बौद्धवस्तीत, गुरुजींच्या घरी होतं. अकरा दिवस धावलं. बाराव्या दिवशी मी ते मारलं. मारलं म्हणजे तार तोडली नाही. तार तोडली असती तर निदान तुटलेलं काहीतरी लोकांना दिसलं असतं. मी केलं ते दिसण्यासारखं नव्हतं, आणि म्हणूनच आज माझ्या गळ्यात हार आहे.

गुरुजींनी ज्या शाळेत सगळी नोकरी काढली तिचीच ही स्मरणिका. तीत त्यांचं नाव शेवटच्या पानावर, माजी शिक्षकांच्या यादीत, बारीक अक्षरात आहे. पान पाहिलं तेव्हा मला इतका संताप आला की स्मरणिका मी अंगणात भिरकावली. मग स्वतःच उठून उचलून आणली. राग स्मरणिकेवर काढून काय उपयोग? तिने छापलं ते मीच गावाला सांगत आलो होतो. निदान नाकारलं तरी नव्हतं.

मी टेलिफोनचा लाईनमन. आमचं गाव श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाला पाणी देणारा पाट. ज्या दिवसांबद्दल लिहितोय ते नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. एक्स्चेंजपासून रस्त्यावरच्या पिलरपर्यंत, म्हणजे त्या लोखंडी कपाटापर्यंत, जाड केबल यायची. पिलरपासून खांबावरच्या डब्यापर्यंत बारीक केबल, आणि डब्यातून प्रत्येकाच्या घरी दोन तारा. या दोन तारांना आम्ही जोडी म्हणायचो. "त्याची जोडी गेली", "याला दुसरी जोडी दे" असं आमचं बोलणं चाले. नवख्याला वाटायचं, बैलांचा बाजार आहे.

त्या खांबाकडे येणारी केबल एकदा पाटाजवळच्या बांधाला कुणाच्या तरी नांगरात सापडून तुटली. सांधा मी मारला. पाणी शिरू नये म्हणून सांध्यावर चढवायचं किट महिनोन्‌महिने आलं नव्हतं, म्हणून खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद गुंडाळला, वर टेप मारली आणि माती लोटली. आतल्या दहा जोड्यांपैकी तीन-चार नीट भरल्या, म्हणजे तार न्‌ तार पिळून वेगवेगळी टेपने बांधली. बाकीच्या उरकल्या, कारण जेवायची वेळ झाली होती. पुढे जे झालं त्याचं मूळ कारण विचाराल तर एवढंच आहे. मला भूक लागली होती.

पाटाला पाणी सुटलं की त्या उरकलेल्या जोड्या ओल्या व्हायच्या. फोनवर थोडी खरखर यायची, पण बोलणं कळायचं. बोलणं कळतं तोवर लाईन चांगली, हा आमच्याकडचा नियम. गुरुजींना मिळालेली जोडी मात्र नीट भरलेल्यांपैकी होती. हा निव्वळ योगायोग.

गुरुजी हाताचे फार कसबी. वस्तीतले रेडिओ, इस्त्र्या, मिक्सर, सगळं त्यांच्याकडे यायचं. शाळेची घंटा फुटली तेव्हा तीही त्यांनीच डाख देऊन बसवली होती. त्यांची मुलगी पुण्याला भूगर्भशास्त्र शिकून आली होती आणि आईच्या माहेरी, जामखेडच्या बाजूला, उन्हाळाभर फिरून विहिरींची पाणीपातळी मोजत होती. तिने काढलेल्या त्या विहिरींच्या नकाशांवर तिला दक्षिणेतल्या एका संस्थेत संशोधनाला जागा मिळण्यासारखी होती. सगळा पत्रव्यवहार मेलवर. म्हणून गुरुजींनी वापरलेला एक कॉम्प्युटर आणला आणि बाहेरच्या खोलीतल्या फोनपासून आतल्या खोलीपर्यंत स्वतः वायर ओढली. वितीवितीवर एक खिळा, कोपऱ्यात काटकोनात वळवलेली. मी तीस वर्षं वायरी ओढल्या, इतकी सरळ एकदाही नाही ओढली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मोडेमने आधी बेडकासारखा, मग शिट्टीसारखा, मग पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला: ३३६००. मुलीने तो लगेच वहीत लिहिला. विहिरी मोजायची सवय. समोर आकडा आला की तिचा हात वहीकडे जायचा. जितका आकडा मोठा तितकी लाईन वेगात, हे तिनेच मला समजावलं. पहिला मेल गेला तेव्हा गुरुजी म्हणाले, "लाईनमन, आज आपल्या गावातून पत्र गेलं, आणि पोस्टमनला कळलंसुद्धा नाही." आम्ही सगळे हसलो. चहा झाला. त्या घरात मी पहिल्यांदाच चहा प्यायलो होतो. हेही लिहून ठेवतो. आमच्या शेतकरी घरात अशा गोष्टी मोजल्या जायच्या आणि मीही मोजत होतो.

आठवड्याभरात संचालकांनी नातवासाठी नवा कोरा कॉम्प्युटर आणला. त्यांची जोडी उरकलेल्यांपैकी. आकडा यायचा ९६००. मला आणि आमच्या साहेबांना, म्हणजे माझ्या वरच्या इंजिनियरला, बंगल्यावर बोलावणं आलं. संचालकांना सगळं गाव आबा म्हणायचं. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"काय रं लाईनमन, पलीकडं वस्तीत म्हणं लई पळतंय?"

"व्हय आबा, पळतंय."

"आन्‌ हितं?"

"हितं जरा दमानं हाय."

"दमानं? आरं, माझ्या बंगल्यात कासव आन्‌ मास्तरच्या घरात घोडा? ह्ये कुठल्या कायद्यात बसतं, सायेब?"

साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि ते साहेबांचं नाही, माझं असतं.

बाहेर आल्यावर साहेबांनी मोटरसायकलला किक मारता मारता विचारलं, "दोघांच्या लाईनी एकाच डब्यावर आहेत ना? मग जोडी बदलून टाक. अर्ध्या तासाचं काम."

"साहेब, सांध्यात पाणी हाय. सांधा खोलून नवा मारला तर दोघांचं बी चालंल."

"किट आहे का?"

"न्हाई."

"मग किट आल्यावर मार."

"तवर गुरुजींचं कसं?"

"त्यांचा फोन बोलतो ना? आपलं काम फोन बोलता ठेवायचं. पळवायचं नाही."

गुरुवारी सकाळी मी पिलरमध्ये आणि खांबावरच्या डब्यात जोड्यांची अदलाबदल केली. खरोखर अर्धा तासच लागला. बंगल्यावर घोडा गेला, गुरुजींच्या घरी कासव आलं. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. साहेब मोटरसायकलवरून निघून गेले होते. खांबावर मी चढलो होतो.

दोन दिवसांनी गुरुजींची तक्रार आली. तक्रारीची एक स्लिप असायची. दुरुस्ती झाली की लाईनमनने तिच्यावर दोष कुठे होता ते लिहायचं. एक्स्चेंजपासून घराच्या भिंतीपर्यंत काही बिघडलं असेल तर 'बाहेरचा दोष', म्हणजे आमचा. भिंतीच्या आत काही असेल तर 'आतला दोष', म्हणजे त्या माणसाचा. बाहेरचा दोष लिहिला की वरून विचारणा व्हायची: कुठे, कशाने, सांधा कुणी मारला. आतला दोष लिहिला की स्लिप बंद. आमच्या ऑफिसात निम्म्याहून जास्त स्लिपा आतल्या दोषावर बंद व्हायच्या. बाहेरचा माणूस वाचेल तर म्हणेल, या गावात घरं फार बिघडलेली आहेत.

मी गेलो. टेस्टफोन लावला, एक्स्चेंजला बोललो, बोलणं कळलं.

"गुरुजी, लाईन ओके हाय."

"मग हे असं का होतंय? बुधवारपर्यंत तर व्यवस्थित होतं."

मला उत्तर हवं होतं. नजर फिरवली तर समोर ती वायर. वितीवितीवर खिळा मारलेली.

"ही वायर कुनी टाकली?"

"मीच."

"मंग झालं तर. आतला दोष हाय."

खिशातून पेन्सिल काढून मी त्यांच्यासमोर स्लिपवर तेच लिहिलं आणि त्यांची सही घेतली. गुरुजींनी सही करण्याआधी स्लिप दोनदा वाचली. मग वायरीकडे पाहिलं. वर्गातल्या हुशार मुलाचा पेपर कोरा निघावा तसं पाहिलं.

पुढचे दोन महिने त्या माणसाने स्वतःच्या घरात दोष शोधला. सुट्टीच्या दिवशी, शाळा सुटल्यावर, दिवस मावळेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी मला विचारून. मी सांगायचो, ट्यूबलाईटपासून वायर लांब घ्या. ते घ्यायचे. मी सांगायचो, सॉकेट बदला. बदलायचे. मधे जोड नको, सलग तुकडा टाका. दुसरा फोन काढून ठेवा. मोडेमखाली लाकडाची फळी द्या. यातलं फळीचं सोडलं तर बाकी सगळं धंद्यात खरंच बघतात, म्हणून खोटं बोलायला मला काही त्रास पडत नव्हता. ते स्टुलावर चढून पकडीने खिळे उपटायचे, खिळ्याची भोकं चुन्याने बुजवायचे आणि पुन्हा नवी रांग मारायचे. शेजारची म्हातारी दारातून म्हणायची, "गुर्जी, घर उसवून ठिवलंय का शिवायला काढलंय?" ते म्हणायचे, "आजी, घरातच बिघाड आहे. सापडेल."

सापडणार कसा? तो पाटाच्या बांधाला, खताच्या गोणीत होता. मी रोज सायकलवरून त्याच्या अंगावरून जात होतो.

मुलीला वायरीचं पटलं नव्हतं. एक दिवस ती वही घेऊन आमच्या ऑफिसात आली. मी कोपऱ्यात तारेचं भेंडोळं सोडवत होतो. तिने वही साहेबांच्या टेबलावर उघडली.

"रोजचे आकडे लिहिलेत. पाटाला पाणी असतं तेव्हा नऊ हजार सहाशे. पाणी बंद झालं की तीन-चार दिवसांनी चौदा हजार चारशे, मग एकोणीस हजार. पाणी सुटलं की पुन्हा खाली. तुमची केबल बांधाच्या कडेने जाते. तिच्यात पाणी शिरतंय."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे आता उसाने पाणी प्यायचं सोडायचं का, बाई?"

"उसाने नाही. तुमच्या केबलने सोडावं."

ऑफिसातला एक जण फिसकन हसला. साहेबांचा चेहरा उतरला. ती पुढे म्हणाली, "आणि हे पाहा. पहिले अकरा दिवस रोज तेहेतीस हजार सहाशे. तेव्हाही पाट वाहत होता. गुरुवारपासून एकदम घसरलं. गुरुवारी सकाळी मी या काकांना खांबावर पाहिलं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "काका, काय केलं होतं त्या दिवशी?"

"डब्याचं झाकन निसटलं हुतं. लावत हुतो."

"एवढंच?"

"व्हय."

साहेबांना आता सूर सापडला. "तुमच्या घरातलं वायरिंग कुणी केलं?"

"दादांनी."

"ते वायरमन आहेत?"

"शिक्षक आहेत."

"मग," साहेब म्हणाले.

नुसतं 'मग'. त्यात सगळं होतं. मास्तरने पुस्तकं शिकवावीत, वायरी कशाला ओढाव्यात. वस्तीत इंटरनेट कशाला हवंय. चार बुकं शिकलात म्हणून आम्हाला शिकवू नका. तिला सगळं ऐकू आलं. तिने वही मिटली आणि ती गेली. एक पोरगी विहिरीची पातळी मोजता मोजता आमच्या केबलीचा दोष जमिनीवरून सांगून गेली. आमच्याकडच्या एकाही माणसाला हे जमलं नसतं. आणि आम्ही तिला हाकलली. मी भेंडोळं सोडवत राहिलो.

नकाशे पाठवायची मुदत जवळ आली. पोस्टाने पाठवायची तारीख उलटून गेली होती, मेलने पाठवणाऱ्यांना थोडे दिवस जास्त होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. आदल्या दिवशी गुरुजी मला एसटी स्टँडवर भेटले.

"लाईनमन, बरं झालं भेटलात. पोरगी म्हणतेय, उद्या नगरला जाऊन तिथून पाठवते. पण नकाशे एवढे मोठे आहेत की फ्लॉपीत मावत नाहीत, तुकडे करून न्यावे लागणार, आणि फ्लॉपीचा काही भरवसा नाही. सगळी वायर नवी टाकली तर घरून जाईल का? तुम्ही म्हणाल तसं करतो."

'नगरला पाठवा' एवढे दोन शब्द मला बोलायचे होते. त्यात माझी कबुलीसुद्धा नव्हती. कुणाला काही कळलं नसतं. पण दोन महिने मी वायर, वायर म्हणत आलो होतो आणि आता तोंडातून दुसरं काही निघेना.

"चांगली वायर टाका, गुरुजी. जाईल."

"नक्की?"

"जाईल की."

त्यांनी मुलीला थांबवलं. सकाळच्या गाडीसाठी तिची पिशवी भरलेली होती, तरी थांबवलं. त्याच दिवशी नवी वायर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मला बोलावून घेतलं, काही लागलं तर हाताशी असावा म्हणून. जाताना मी पाहिलं, पाट काठोकाठ वाहत होता.

आकडा आला, ९६००. मुलीने फाईल सोडली. पडद्यावर एक निळी पट्टी भरत जायची. ती तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली आणि लाईन तुटली. पुन्हा बेडूक, पुन्हा शिट्टी, पुन्हा वाळू. दुसऱ्या वेळी निम्म्यापर्यंत. तिसऱ्या वेळी दहा मिनिटांत खलास. चांगल्या जोडीवर ते सगळं पंधरा मिनिटांत गेलं असतं.

चार वाजले होते. खांब त्यांच्या दारातून दिसत होता. पकड माझ्या पिशवीत होती. अर्ध्या तासाचं काम. चढायचं, त्यांची जोडी त्यांना परत द्यायची, साडेचारला फाईल सोडायची, पाचला गेलेली असती. बंगल्यावर आबांचा नातू त्या वेळी काय करत होता मला माहीत नाही. पत्त्यांचा खेळ खेळत असेल. त्याची लाईन तासभर मंदावली असती आणि मला आबांच्या दोन शिव्या बसल्या असत्या. बस्स. याहून जास्त माझं काही जाणार नव्हतं. हे मी तेव्हाही समजून होतो. म्हातारपणी अक्कल आली असं नाही.

मी उठलो नाही. गुरुजींच्या घरच्या लोखंडी खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन, बसून राहिलो. गुरुजी वायरीवरून हात फिरवत होते, कुठे चिमटलीय का बघत होते. एक-दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काय कळंना बुवा, अशी.

सहा वाजले. मुलीने हात मांडीवर ठेवले. गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "तू निघाली होतीस. मी थांबवलं. माझ्याच हातानं झालं."

"असू दे, दादा. तुमचा काही दोष नाही."

"आहे," ते म्हणाले. "लाईनमनने लिहून दिलंय."

तिने दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन नकाशे पाठवले. संस्थेचं उत्तर आलं, मुदत संपली.

पावसाळ्यानंतर किट आलं. मी बांध खणला, गोणीचा कागद सोडला, आतून गढूळ पाणी निघालं. नवा सांधा मारायला एक सकाळ लागली. दोन्हीकडच्या लाईनी धावायला लागल्या. पण तोवर गुरुजींनी कॉम्प्युटर गुंडाळून माळ्यावर टाकला होता, आणि आणखी एक गोष्ट झाली होती जी मला बरीच उशिरा कळली. माझा रेडिओ बंद पडला म्हणून मी तो नेहमीसारखा त्यांच्याकडे घेऊन गेलो. होय, तरीही घेऊन गेलो. इतका मी कोडगा होतो. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"सोडलं आता ते सगळं," ते म्हणाले. "हात चालत नाही. आतला दोष."

हसून म्हणाले. माझाच शब्द मला परत दिला आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. वस्तीतले रेडिओ, इस्त्र्या त्यानंतर बाजारात जायला लागले.

गुरुजी काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या शोकसभेत मी मागे बसलो होतो. लोक त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलले. हातांबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या आधी निवृत्त झालेले साहेब कुठे आहेत मला माहीत नाही. आबाही गेले. आता हे सांगणारा मी एकटा उरलोय, आणि मलाच हार घालतायत.

स्मरणिका घेऊन मी नगरला गुरुजींच्या मुलीकडे गेलो. मुलगी म्हणतो, पण तीही आता पन्नाशीच्या आसपास आली. कॉलेजात शिकवते. तिने दार उघडलं, ओळखलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सांधा, आबा, गुरुवार, स्लिप, एसटी स्टँड, लोखंडी खुर्ची. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "वहीत दिसत होतं ना सगळं."

"मंग गुरुजींना का न्हाई सांगितलंस?"

तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. "सांगितलं नाही? शंभरदा सांगितलं! वही त्यांच्यासमोर धरली, आकडे वाचून दाखवले. ते काय म्हणायचे माहितेय? 'अगं, त्या माणसानं लिहून दिलंय. सही आहे माझी त्यावर.' त्यांच्या आज्याच्या पिढीत कुणाला वाचता येत नव्हतं. कोण काय लिहून घेतंय कळायचं नाही, अंगठे घेतले जायचे. म्हणून दादांचा लिहिलेल्यावर विश्वास होता. मुलगी बोलते ते बोलणं. लाईनमनने लिहिलं ते लेखी. तुमच्या पेन्सिलीच्या दोन शब्दांपुढे माझी अख्खी वही चालली नाही. शेवटच्या आजारातसुद्धा मला म्हणाले, मी तुला नगरला जाऊ द्यायला हवं होतं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली, बाई. माफी मागाया आलोय."

"तोंडी नको," ती म्हणाली. "तोंडी बोललात तर ते तुमच्या माझ्यात राहील, आणि तुम्ही मोकळे होऊन एसटीत बसाल. लेखी बिघडवलंत ना? लेखीच नीट करा. आणि जिथं तुमचा फोटो छापलाय तिथं छापा."

मी परत आलो आणि स्मरणिका काढणाऱ्या मंडळींकडे गेलो. म्हटलं, माझं निवेदन घ्या, पुरवणी काढा, नाहीतर चिठ्ठी छापून आत घाला. एक जण म्हणाला, "काका, कशाला जुनं उकरताय? संचालकांच्या घरच्यांना वाईट वाटंल." दुसरा म्हणाला, "आता घरोघर मोबाईल हाय. कुनाला पडलंय, कुनाची लाईन कधी पळत हुती!" तिसऱ्याने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वय झालं की असं वाटतं, काका. घरी जाऊन आराम करा." माझं डोकं फिरलं आहे असं ठरवून ते मोकळे झाले. मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली, तेव्हा त्यांनी मला चहा मागवला.

संचालकांच्या घरच्यांना वाईट वाटेल. गुरुजींच्या घरच्यांना काय वाटलं हे त्या खोलीतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी त्यांच्यावर चिडतो, पण बसलेत तेही तशाच खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन.

ते छापणार नसतील तर मी इथे लिहितो. जो छापेल त्याने छापावं. एक प्रत मी तिला नगरला पाठवतोय. ती स्लिप केव्हाच रद्दीत गेली असेल, म्हणून तिच्यावर जे लिहायला हवं होतं ते तिच्याच पद्धतीने लिहितो.

तक्रार: इंटरनेट मंद, लाईन वारंवार तुटते. तपासणी: घरातील वायर, सॉकेट, मोडेम, सर्व उत्तम, वायरीचं काम माझ्यापेक्षा चांगलं. कारण: पाटालगतच्या बांधातील सांधा अर्धवट भरलेला, सांधा मीच मारला, गुरुजींची चांगली जोडी काढून बंगल्याला दिली, तीही मीच. दोष: बाहेरचा.

खाली सहीची जागा असते. तिथे गुरुजींची सही लागायची. तेवढी राहिली आहे.